क्रिता : १२० गोल पाने आणि त्यांना लागलेले बोल

दीड वर्षापासून मी क्रिता या सॉफ्टवेअरमध्ये एकच काम करते आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेच्या, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेल्या गोल पत्त्यांच्या, धर्तीवर, परंतु अवतारांच्या जागी कोकणातली दहा झाडे घेऊन, १२० गोल पानांचा एक संच काढायचा, असे ते काम. ते कोणी मागितलेले नाही, त्याचे पैसे मिळणार नाहीत, आणि पहिला छापील संच चार ठिकाणी दाखवल्यानंतर त्यातले जवळजवळ काहीच जसेच्या तसे राहिलेले नाही. हे परीक्षण सॉफ्टवेअरचे आहे. पण टीका करणाऱ्या त्या माणसांना वगळून मला ते लिहिता येणार नाही. क्रिताच्या ज्या सोयींवर मी सर्वांत जास्त खूश होते, नेमक्या त्याच सोयींतून आलेले दोष त्यांनी माझ्यापुढे ठेवले, आणि ते दोष काढण्याची साधनेही मला त्याच सॉफ्टवेअरमध्ये, मी तोवर कधी न उघडलेल्या मेनूंत, सापडली.

क्रिता हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायातून आलेले चित्रकलेचे साधन आहे. २००५ मध्ये ते केऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअर-संचाचा भाग म्हणून पहिल्यांदा बाहेर पडले, आणि २००९ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी फोटोवरील संस्कारांचा नाद सोडून हाताने चित्र काढणाऱ्यांसाठीच ते घडवायचे असे ठरवले. हा निर्णय आजही जागोजागी जाणवतो. उजवी कळ दाबली की हाताखालीच ब्रशांचे आणि रंगांचे चक्र उघडते, एका कळीवर हाती असलेला कोणताही ब्रश खोडरबर होतो, कॅनव्हास कागदासारखा फिरवता येतो. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू. आपल्याकडच्या ‘कृत’ या शब्दाशीही त्याचे नाते सांगितले जाते, आणि पत्ते काढायला बसलेल्या माणसाला ते जरा जास्तच आवडते. कारण जुन्या द्यूतात कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही फाशांच्या डावांची नावे होती, व त्यांत कृत हा सर्वांत श्रेष्ठ डाव मानला जाई. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. संकेतस्थळावरून घेतल्यास एक पैसाही पडत नाही. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून विकत घेतल्यास ते पैसे पुढच्या विकासासाठी जातात. मी आधी फुकट घेतले आणि सहा महिन्यांनी, थोडे लाजून, विकतही घेतले.

आता गंजिफेविषयी, कारण पुढचे सगळे तिच्या रचनेवर अवलंबून आहे. दशावतारी संचात दहा रंग असतात. येथे रंग हा शब्द पत्त्यांच्या खेळातल्या अर्थाने वापरला आहे. चित्रकाराच्या रंगाशी त्याचा गोंधळ होतो, आणि तो गोंधळ माझ्या कामातही झाला, हे पुढे येईलच. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी १२ पाने असतात. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा असतो. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, वामनाच्या रंगात कमंडलू, परशुरामाच्या रंगात परशू. सावंतवाडीत ही कला जवळपास विझली असताना राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली. मोती तलावाकाठच्या त्या राजवाड्यात आजही माणसे बसून ही पाने रंगवताना दिसतात. माझे बालपण कुडाळ तालुक्यातले. शाळेच्या सहलीत ती पाने मी काचेतून पाहिली होती, आणि नोकरीसाठी पुण्यात आल्यावर का कोण जाणे, तीच आठवत राहिली. अवतार काढण्याची माझी योग्यता नाही असे वाटले, म्हणून आंबा, फणस, काजू, रातांबा, नारळ, पोफळ, जांभूळ, वड, सुरंगी आणि बकुळ असे दहा रंग ठरवले.

साहित्य साधे होते. आठ जीबी रॅमचा चार वर्षांचा लॅपटॉप, त्याला जोडलेला २४ इंची पडदा, आणि पडदा नसलेली, हाताखाली ठेवून वापरायची पेन टॅबलेट. पानाचा व्यास साडेसात सेंटीमीटर धरला. ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके धरून, तो सुमारे १,७७२ पिक्सेल होतो. कापणीसाठी भोवती तीन-तीन मिलिमीटर सोडून मी १,९२० पिक्सेलचा चौरस कॅनव्हास घेतला. एवढ्या आकाराला ८ बिटमध्ये पूर्ण रंगवलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण १५ एमबी मेमरी खातो, त्यामुळे तीस-चाळीस लेयर झाले तरी माझा लॅपटॉप कुरकुरला नाही. क्रिता खालच्या पट्टीवर किती मेमरी लागते आहे ते सतत दाखवते, ही सोय जुना संगणक वापरणाऱ्यांना फार उपयोगी आहे.

पहिले चार महिने म्हणजे नुसता आनंद होता. मल्टिब्रश नावाच्या साधनात ब्रशांची संख्या १६ ठेवली आणि मधल्या बिंदूभोवती एक वेलांटी ओढली, की सोळा वेलांट्या एकाच वेळी उमटतात आणि पानाची किनार क्षणात तयार होते. क्लोन लेयर नावाचा प्रकार तर मला गंजिफेसाठीच बनवला आहे असे वाटले. एक फणस काढायचा, त्याचे नऊ क्लोन करायचे, प्रत्येकाला ट्रान्सफॉर्म मास्क लावून जागेवर बसवायचे, की फणसाची दश्शी तयार. मूळ फणसाच्या देठाला थोडा तांबूस रंग दिला की बाकीच्या नवांचे देठ आपोआप तांबूस होतात. एका रंगातली एक्का ते दश्शी मिळून ५५ चिन्हे होतात, दहा रंगांची ५५०. ती सगळी मी दहा चित्रांत भागवली. स्टॅबिलायझरमुळे हात थरथरला तरी रेषा थरथरत नव्हती. संच पूर्ण करून एका छापखान्यातून जाड कार्डावर छापून आणला, सर्कल कटरने रात्रभर बसून कापला, आणि तो कोणाकोणाला दाखवायचा याची यादी केली.

पुण्यात चित्र काढणाऱ्या काही जणांची रविवारी सकाळी एक बैठक होते. तिथला एक नियम असा की ज्याचे काम समोर असेल त्याने पहिली दहा मिनिटे बोलायचे नाही. हा नियम ऐकताना सोपा वाटतो. माझ्या पानांभोवती आठ माणसे वाकली आणि कोणी काहीच बोलेना, तेव्हा मला गंजिफेचा इतिहास, राजवाडा, रातांबा आणि आमसूल यांचा संबंध, असे सगळे सांगून टाकावेसे वाटत होते. शेवटी एका गृहस्थांनी फणसाची दश्शी उचलली, पेन्सिलच्या टोकाने एकेक फणस मोजला आणि म्हणाले, “हे दहा फणस नाहीत. हा एकच फणस दहा वेळा आहे.” मग दुसऱ्या कोणी किनारीकडे बोट दाखवून विचारले की ही कुठून घेतली, म्हणजे कोणत्या तयार नक्षीच्या संग्रहातून. ती मी काढली आहे हे त्यांना खरे वाटेना, आणि विचार केल्यावर मलाही ते पूर्णपणे खरे वाटेना. मी एक सोळांश किनार काढली होती. उरलेली पंधरा सोळांश कोणाच्याच हातची नव्हती.

या टीकेने मी दुखावले, हे कबूल करायला हवे. घरी येऊन पहिल्यांदा मी राजवाड्यातल्या पानांची मी काढलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली, ती मुख्यतः त्या गृहस्थांना खोटे ठरवण्यासाठी. तिथे मत्स्याच्या पानावरचा एकही मासा दुसऱ्यासारखा नव्हता. कल्ले थोडे वर-खाली होते, एकाची शेपटी जागा कमी पडल्यामुळे वळली होती. कारागिराने वेगळेपणा आणायचा म्हणून आणला असेल असे अजिबात वाटत नव्हते. त्याने सगळे सारखेच काढायचा प्रयत्न केला होता, आणि हातामुळे ते वेगळे झाले होते. क्लोन लेयरने नेमके एवढेच काढून घेतले होते.

म्हणून ५५० चिन्हे पुन्हा काढली. एका चिन्हाला सरासरी चार मिनिटे धरली तरी हे काम सुमारे ३७ तासांचे आहे, आणि नोकरी सांभाळून त्याला सव्वादोन महिने लागले. मल्टिब्रश बंद केला नाही, त्याची जागा बदलली. आता त्याने फिकट निळ्या रंगात फक्त किनारीचा आराखडा पाडते, त्या लेयरची अपारदर्शकता वीस टक्क्यांवर आणते, आणि त्यावर हाताने वेल काढते. इथे क्रितातल्या असिस्टंट या प्रकाराचा खरा उपयोग कळला. लंबवर्तुळाचा असिस्टंट पानावर ठेवला की ब्रश त्या गोलाईला चिकटून चालतो. गोल चुकत नाही, पण दाब, वेग आणि थांबणे आपलेच राहते. स्टॅबिलायझरही आता अगदी कमी ठेवते. मल्टिब्रशची जाहिरात सगळीकडे दिसते आणि असिस्टंटविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते हे उलटे असायला हवे.

दुसरा आक्षेप आत्याचा. ती कुडाळला असते, मेंढीकोटात तिचा हात धरणारे गावात कोणी नाही, आणि चित्रकलेशी तिचा काही संबंध नाही. तिला आणि शेजारच्या एका काकूंना मी गंजिफेचे नियम शिकवले आणि आम्ही तिघी बसलो. तिघींच्या खेळात १२० पाने वाटली की प्रत्येकीच्या हातात ४० येतात. चाळीस गोल पाने हातात पंख्यासारखी धरली तर एकेका पानाची फक्त कडेची कोर दिसते, मधले चित्र दिसतच नाही. आत्याने पाने दोनदा लावली, पुन्हा विस्कटली, आणि म्हणाली, “गो, खंयचो रंग ता कळतला कसा?” मी तिला पान बाहेर काढून त्यावरचा रातांबा दाखवला. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला ती पाहते आहे त्याचा अर्थ कळला.

दशावतारी गंजिफेत प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असते. हे मी वाचले होते, पाहिले होते, आणि सजावटीचा भाग समजून सोडून दिले होते. माझ्या संचाला मी श्रावणातल्या कोकणाची रंगसंगती दिली होती : शेवाळी, पोपटी, ओला तपकिरी, काळपट हिरवा. दहाही झाडे एकाच पावसात भिजलेली. पडद्यावर ती १२० पाने एकत्र मांडली की फार देखणी दिसत. पण खेळणाऱ्याच्या हातात दहा रंगांना मिळून एकच रंग होता. पत्त्यांच्या भाषेने चित्राची पार्श्वभूमी आणि पानाची जात यांना एकच शब्द का दिला असेल, याचा विचार मी त्या दुपारी पहिल्यांदा केला.

ही चूक सुधारताना क्रिताची जी सोय कामी आली तिला मी या सॉफ्टवेअरमधले सर्वांत मोलाचे साधन मानते. फाईल लेयर म्हणजे एका चित्रात दुसऱ्या फाईलमधले चित्र लेयर म्हणून बसवणे. मूळ फाईल बदलून साठवली की जिथे जिथे ती बसवली आहे तिथे तिथे बदल दिसतो. मी प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी आणि किनार मिळून एक स्वतंत्र फाईल केली, आणि त्या रंगाच्या बारा पानांत ती फाईल लेयर म्हणून जोडली. आता बकुळीची पार्श्वभूमी पिवळी करायची तर बारा पाने उघडून रंगवावी लागत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आणखी एका कॅनव्हासवर मी वेगवेगळ्या रंगांची वीस पाने फाईल लेयर म्हणून पंख्यासारखी मांडून ठेवली. ही माझी आत्याची फाईल. पार्श्वभूमीत काहीही बदलले की आधी ती उघडून पाहते. एक इशारा मात्र द्यायला हवा : हे सगळे धागे फाईलच्या ठिकाणावर अवलंबून असतात, त्यामुळे फोल्डरचे नाव बदलण्याचा किंवा मूळ फाईल हलवण्याचा उत्साह दाखवू नये. मी एकदा आवराआवर केली आणि पंख्यातली अर्धी पाने नाहीशी झाली.

वजिराच्या पानावर मी झाडाचे नावही लिहिले होते. देवनागरी मजकूर हा क्रिताचा दुबळा भाग आहे. ५.२ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, मजकुराच्या मांडणीची यंत्रणा नव्याने लिहिली गेली. पण माझ्याकडे असलेल्या त्या आवृत्तीत लिहिण्यासाठी वेगळी खिडकी उघडते आणि चित्रावर थेट टंकता येत नाही, त्यामुळे गोलाईत अक्षर बसवणे कंटाळवाणे होते. मी त्यावर बरेच दिवस घालवले. आत्या म्हणाली की पत्त्यावरचे नाव वाचत कोण खेळतो. नावे काढून टाकली.

तिसरा प्रसंग सावंतवाडीच्या चितारआळीतला. लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या त्या रस्त्यावर एका वयस्कर चिताऱ्यांना मी पाने दाखवली. त्यांनी एक पान घेतले, हात लांब केला, डोळे बारीक केले, आणि पान परत देत विचारले, “ह्यां पान हातात धरून बघलंस?” मी हो म्हटले. त्यांनी मान हलवली आणि आपले एक पान माझ्या पानाशेजारी ठेवले. त्यांच्या पानावर रेषा होत्या. माझ्या पानावर रेषा आहेत हे सांगावे लागत होते. आंब्याच्या पानांच्या शिरा, फणसाचे काटे, पोफळीच्या शेंड्यातले तुरे, ज्यांवर मी कित्येक रात्री घालवल्या होत्या, ते सगळे मिळून एक करडी धूळ झाली होती.

याचे कारण साध्या गणितात आहे, आणि संगणकावर छपाईसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा मांडून पाहावे. माझ्या २४ इंची पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल मावतात, तर छापील पानावर एका इंचात ६०० ठेवले होते. म्हणजे झूम १०० टक्के असतानाच माझे साडेसात सेंटीमीटरचे पान पडद्यावर जवळजवळ अर्ध्या मीटरचे दिसत होते. तीन पिक्सेल जाडीची रेषा मला पडद्यावर पाऊण मिलिमीटरहून जाड, ठसठशीत वाटे. कागदावर ती एक अष्टमांश मिलिमीटर उरत होती. आणि मी १०० टक्क्यांवर तरी कुठे काम करत होते? काटे काढताना झूम चारशेच्या पुढे असे. चितारी पानाहून जवळ जाऊ शकत नाही. त्याचा ब्रश, त्याचा डोळा आणि पान यांच्यातले अंतर ठरलेले आहे, म्हणून त्याची रेषा आपोआप खेळणाऱ्याच्या डोळ्याच्या मापाची होते. मला कितीही जवळ जायची मुभा होती, आणि मी गेले.

उपाय क्रितातच होता. विंडो मेनूमधून त्याच चित्राचे दुसरे दृश्य उघडता येते. आता डाव्या अर्ध्या पडद्यावर मी मोठे करून काम करते आणि उजवीकडे तेच पान १५ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास खऱ्या आकारात, सतत उघडे असते. डावीकडे ओढलेली रेषा त्याच क्षणी उजवीकडे उमटते. उमटलेली दिसली नाही तर ती काढण्यात अर्थ नाही. या पद्धतीने रेषांची किमान जाडी आठ पिक्सेलवर आली आणि फणसाचे काटे साठाहून अधिक होते ते अठरावर. चित्र काढायला वेळ निम्म्याहून कमी लागू लागला, याचे मला आधी बरे वाटले आणि मग वाया गेलेल्या रात्रींचे वाईट वाटले. ही सोय कॅनव्हास उघडताक्षणी समोर का नसावी, हा माझा क्रिताविषयी एक खरा आक्षेप आहे. नवशिक्याला झूम पहिल्या मिनिटात सापडतो आणि दुसरे दृश्य वर्षभर सापडत नाही.

छपाईविषयी थोडक्यात. पहिल्या खेपेला मी पडद्यासाठीची आरजीबी फाईल दिली आणि पोपटी रंग मेलेला आला. चूक सर्वस्वी माझी. क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंग आहे. कंट्रोल आणि वाय दाबले की शाईत चित्र कसे दिसेल त्याचा अंदाज पडद्यावर येतो, आणि शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग वेगळे दाखवण्याचीही व्यवस्था आहे. मात्र त्यासाठी छापखान्याकडून त्यांची रंगप्रोफाइल, म्हणजे त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात याची फाईल, मागून घ्यावी लागते. क्रिता पीडीएफ करून देत नाही. त्यासाठी पाने स्क्रायबस या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडावी लागतात. १२ बाय १८ इंची शीटवर माझी १५ पाने बसतात, म्हणून १२० पानांना बरोबर आठ शीट लागतात. हा योगायोग मला अजूनही सुखावतो.

आता चौथी टीका. ती चित्रावर नव्हती, माझ्यावर होती, आणि सॉफ्टवेअरच्या परीक्षणात तिचे स्थान सर्वांत वरचे आहे असे मला वाटते. पुस्तकांसाठी चित्रे काढणारी एक मैत्रीण आहे. वरच्या सगळ्या सुधारणा चालू असताना तिने माझा फोल्डर पाहिला. क्रितामध्ये कंट्रोल, आल्ट आणि एस दाबले की चालू फाईल पुढच्या क्रमांकाने वेगळी साठवली जाते आणि जुनी तशीच राहते; मी प्रत्येक अभिप्रायानंतर असे करत असे. आंब्याच्या राजाच्या एकतीस फायली झाल्या होत्या. तिने त्या क्रमाने उघडल्या आणि सातव्या क्रमांकाशी थांबली. म्हणाली की इथपर्यंत तू चित्र काढत होतीस, इथून पुढे दुरुस्त्या करते आहेस.

मी एकतीस फायली पुन्हा पाहिल्या. रविवारच्या बैठकीतल्या एकाने सांगितले म्हणून आंब्यावर चमक आणली होती. कोणी म्हणाले म्हणून राजाच्या मागे सावली घातली होती, आणि ती सपाट दिसते असे दुसऱ्याने म्हटल्यावर तिला धूसर केले होते. यातला एकेक बदल करायला दोन मिनिटेही लागली नव्हती, आणि नकोसा झाला तर लेयरचा डोळा मिटला, म्हणजे तो लपवला, की संपले. क्रितात एखादी सूचना मानायला काहीच पडत नाही, म्हणून मी सगळ्याच मानत गेले होते. लाखेच्या पानावर सावली घालून पाहावी असे चिताऱ्याला कोणी सुचवले, तर त्याला आधी ते पान वाया घालवायची तयारी करावी लागेल, आणि त्या तयारीतच त्याला उत्तर मिळेल.

तेव्हा मी सातव्या फाईलकडे परत गेले. चमक आणि सावली दोन्ही काढल्या. गंजिफेची चित्रे सपाट असतात. तो तिचा दोष नसून तिची रीत आहे, आणि हाताएवढ्या गोलात फळाला गोलाई दिसावी हा हट्ट माझ्यापुरता मी चुकीचा ठरवला, सुचवणाऱ्याला चित्रकला माझ्याहून अधिक कळत असली तरीही. आता अभिप्राय आला की मी तो वहीत लिहिते आणि आठवडाभर फाईल उघडत नाही. या गोष्टीत क्रिता मला काही मदत करत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. फार तर इतके म्हणता येईल की जुन्या फायली जपून ठेवण्याची त्याची सोय नसती, तर मैत्रिणीला सातवा क्रमांक दाखवता आला नसता.

कोणी घ्यावे, याविषयी. हाताने चित्र काढणारे, विशेषतः अनेक पाने, अनेक फ्रेम किंवा एकाच नक्षीवर आधारलेली मालिका करणारे, यांनी क्रिता निःशंक घ्यावे. फोटोंवर काम करणाऱ्यांनी किंवा मराठी मजकूर भरपूर असलेली पत्रके बनवणाऱ्यांनी दुसरीकडे पाहावे. आयपॅडवर ते हे लिहीपर्यंत उपलब्ध नाही. अँड्रॉइडच्या मोठ्या टॅबलेटवर चालते, पण तिथे ते अजून चाचणीच्या अवस्थेत आहे. ट्रान्सफॉर्म मास्क दहाच्या वर गेले की माझ्या लॅपटॉपवर ते रेंगाळते. हात सरळ त्या जागी चिन्ह काढत असेल तर हा प्रश्न उरत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर साडेचार देईन, आणि कापलेला अर्धा गुण मजकुरासाठी नसून त्या दडलेल्या दुसऱ्या दृश्यासाठी आहे.

चौथा छापील संच गणपतीत कुडाळला नेला. आम्ही तिघी दिवाणखान्यातल्या दिव्याखाली अडीच डाव खेळलो. अर्ध्यावर आरतीची हाक आली. आंबा, बकुळ, सुरंगी, नारळ लांबून ओळखू येतात. काकूंनी फणसाच्या दश्शीतले फणस मोजले नाहीत, नुसती दश्शी म्हणून टाकली. रातांबा आणि जांभूळ यांच्या पार्श्वभूमी मात्र दिव्याच्या उजेडात अजूनही एकच वाटतात, असे आत्याचे म्हणणे आहे, आणि तिने त्यावरून एक दस्त, म्हणजे एक हात, घालवल्याचा राग ती अजून धरून आहे. वहीत ते लिहून ठेवले आहे. आठवडा पुढच्या गुरुवारी संपतो.